हळदीची चाल

केतकी फोनवर "माझ्या भावाला सोडा" असं लिही आणि अक्षरं आपोआप पुसली जात. सरकारी चाळणी नको ते शब्द पुढे जाऊच देत नसे. पाण्यासाठी मोर्चाची हाक दिली म्हणून तिचा भाऊ तुषार पोलीस चौकीच्या कोठडीत होता.

आई शेजारच्या लग्नाची हळद दळत होती. भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीची, घरोघरी ठाऊक असलेली ओवी गुणगुणत होती. केतकीने शब्दांविना नुसती चाल गुणगुणून फोनवरून सगळ्या ओळखीच्यांना पाठवली.

"गेली गं आई, पुसली नाही."

"त्या चाळणीला काय कळायचं? ती कुठं जात्यावर बसलीय?"

संध्याकाळी गावोगावची पोरंपोरी तीच चाल गुणगुणत चौकीसमोर बसली. दार उघडेना. केतकीची चुळबुळ थांबेना. मग दारावरचा शिपाई खिशातली किल्ली चाचपत हळूच गुणगुणू लागला.