दुसरा भोंगा

दुपारी तीन वाजता धरणाचा चौथा दरवाजा उघडला. त्याआधी भोंगा वाजवून झाला होता. दरवाजा चालवणारा खुर्चीत टेकतो न टेकतो तोच त्याचा मोबाइल वाजला. बहिणीचा नवरा, नदीच्या खालच्या वळणावरून.

"काय मेहुणेबुवा, दिलास का भोंगा? पंप आत्ताच बंद केला, म्हणून ऐकू तरी आला. आता पंप सोडवतो आणि चढतो वर."

"दाजी, तुम्ही अजून पात्रात आहात?"

"मग? पहिलाच भोंगा झालाय. अर्धा तास आहे की अजून."

"पहिला अडीचलाच झाला. हा दुसरा होता. पाणी सुटलंय."

दाजी हसले. "मोबाइलवर आत्ता अडीच वाजलेत. तुझ्या भिंतीवरच्या घड्याळाचं मला नको सांगूस. त्याच्या भरवशावर तू स्वतःच्या लग्नाला सगळ्यांच्या आधी जाऊन बसलास."

चालकाच्या आत्ता लक्षात आलं. वळणावर नदीपलीकडचा टॉवर जवळ पडतो. तो शेजारच्या देशाचा. तिथली घड्याळं अर्धा तास मागे. मोबाइल ज्या टॉवरला धरेल त्याची वेळ दाखवतो. म्हणून वळणावर उतरणारी माणसं मोबाइलची आपोआप वेळ लावून घेण्याची सोय आधी बंद करून ठेवतात. दाजींचा मोबाइल नवा होता. ती सोय रविवारी चालकानेच हौसेने चालू करून दिली होती.

"दाजी, ती वेळ पलीकडची आहे! पंप गेला खड्ड्यात, वर पळा!"

"अरे, शेजाऱ्याचा पंप आहे. त्याला काय तोंड दाखवू? एकच बोल्ट राहिलाय, हा बघ, निघा—"

फोन तुटला.

साहेबांना न विचारताच चालकाने दरवाजा मिटवायचं बटण दाबलं. तो जडपणे, सावकाश खाली येऊ लागला. सुटलेलं पाणी मात्र केव्हाच पुढे गेलं होतं. वळण गाठायला त्याला पाव तास पुरतो.

त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा घंटीच.

सव्वातीनला घंटीऐवजी पलीकडच्या टॉवरचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. एक बाई शांतपणे काहीतरी सांगत होती. भाषा नदीपलीकडची होती, चालकाला ती येत नव्हती. तिचं बोलणं संपेपर्यंत त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा नंबर लावला.