शेजारणीची सही

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पुण्याकडच्या दारूगोळा कारखान्यात कारकुनाची जागा निघाली, तेव्हा शेजारशेजारच्या दोन मुलींनी मिळून अर्ज भरले. रत्नम्माची मुलगी लागली, महानंदाची राहिली.

आज पोलीस जमादार चौकशीला आला. मुलीची वागणूक चांगली आहे, असं शेजारणीनं सही करून द्यायचं होतं, तेही पाचच्या आत. महानंदा तेव्हा पूजेला बसली होती. पूजा होईपर्यंत ती कुणाशी बोलत नसे. रोज अर्ध्या तासात उरकणारी पूजा आज दीड तास झाला तरी संपेना.

ओट्यावरून जमादार म्हणाला, "अजून किती वेळ, बाई? न्हाईतर कागद तसाच परत धाडतो."

"थांबा की साहेब," बाहेर रत्नम्माचा आवाज आला. "नळाला आठ आठ दिवस पाणी न्हाई, तरी अक्का रोज अभिषेक करत्यात. माझ्या पोरीसाठीच चाललंय त्यांचं."

महानंदा पूजा अर्धी टाकून बाहेर आली.

"पोरगी गुणाची हाय," ती म्हणाली आणि सही केली.

पोरीचं नाव घेणं मात्र तिला जमलं नाही.