झाकणाआडची चिठ्ठी

मुलांनो, कल्पना करा, तुमच्या बाबांचा बर्फाचा कारखाना आहे आणि तिथलाच बर्फ तुमच्या शाळेतल्या सरबतात पडतो.

"दर शनिवारी झाकण काढून यंत्र आतून धुतो. ही बघ तक्त्यावर माझी सही!" बिट्टीचे बाबा छातीठोकपणे सांगायचे.

"मग तुमच्या बाह्या कशा कोरड्या?"

"चोंबडी कुठली!"

बिट्टीला काही ते पटेना. तिने झाकणाआड प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठी ठेवली: 'बाबा, सापडली की सांगा.'

चार शनिवार गेले, चार सह्या झाल्या, बाबा काही बोलले नाहीत. शेवटी तिने स्वतःच झाकण उघडलं. चिठ्ठी जागच्या जागी होती. तिच्यामागे आणखी एक बुळबुळीत पिशवी होती. आत गेल्या वर्षी वारलेल्या आजोबांचं अक्षर: 'लेका, सापडली की सांग.'


बिट्टीने दोन्ही चिठ्ठ्या तक्त्यावर डकवल्या, बरोबर पाचव्या सहीच्या जागी.