वारा न जाणारं कापड

“हे नको,” बन्सीलालनं कापडाचा ताका पुरता उलगडायच्या आतच धनश्री म्हणाली.

“अरे बहन, देखो तो सही,” बन्सीलाल म्हणाला. “छत्री का कपडा है. पानी नहीं जाता, हवा क्या जाएगी?”

“ओढलं की ताणतं. शिडाला पोट सुटेल.”

“आमच्या मुकादमासारखं,” तिचे वडील, आबा, म्हणाले आणि हसता हसता खोकले.

सुरतेत रिंगरोडवरच्या त्या कापड मार्केटात साड्यांचे ढीग छताला टेकलेले. शिडाचं कापड मागणारं गिऱ्हाईक बन्सीलालला पहिल्यांदाच भेटलं होतं. तरी तो कंटाळायचा नाही. हे दोघे आले की नवा ताका काढायचा, पाणी मागवायचा, दुकानातलं एकुलतं स्टूल पुढे सरकवायचा. धनश्री आबांना बसा म्हणायची. “मी बसलो तर मला कोण उठवणार? तूच बस,” असं म्हणून आबा काऊंटरला टेकून उभे राहायचे.

आबांचं, म्हणजे भटूचं, सगळं आयुष्य उधन्यात लूम चालवण्यात गेलं. पण लहानपण प्रकाशा गावचं, तापीच्या काठचं. तीच तापी इथं येऊन समुद्राला मिळते. एकदा तिच्याबरोबर बाहेर पडायचं, आपल्या हातच्या नावेतून, आपल्या हातच्या शिडावर, ही त्यांची जुनी हौस. हजिऱ्याकडे खाडीच्या काठी, ओळखीच्या सुकदेवच्या अंगणात नाव तयार होऊन पालथी पडली होती. शीड तेवढं राहिलं होतं.

दिवाळीआधी दोघांनाही ताप आला. उतरेना म्हणून दोघांनीही रक्त तपासायला दिलं. डॉक्टरांनी आबांना एकट्यालाच आत बोलावलं. बाहेर आले ते तसेच रस्त्यावर चालू लागले. चपला दाराशीच राहिल्या. धनश्री त्या हातात घेऊन मागे धावली.

“माझं रक्त बिघडलंय, धनू,” ते म्हणाले. “फार दिवस नाहीत म्हणतो डॉक्टर.” मग चपला पायात सरकवत, जणू बाजारहाटाचं बोलावं तसं, “शीड करून टाकू. कापड तू निवड. शीड झालं की मी मोकळा.”

आई गेल्यावर घरात दोघंच उरली होती. शीड झालं की आबाही जातील, हे तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. तेव्हापासून ती प्रत्येक कापडात खोट काढत होती. नायलॉन चुरचुरतं. कॅनव्हास भिजला की जड होतो. आबा कधी वाद घालायचे नाहीत. “माले बी नही आवडनं. उद्या पाहू,” म्हणायचे आणि जिना उतरताना तिचा दंड घट्ट धरायचे. घरी औषधाच्या वेळी लहान मुलासारखा हट्ट करायचे. “मला एकट्याला नाही उतरत घशाखाली. तूही घे. ताकदीच्या गोळ्या आहेत.” त्यांची समजूत म्हणून ती घ्यायची. बापाच्या काळजीनं पोर वाळली, असं शेजारच्या सरस्वतीबाई सगळ्या डिंडोली वस्तीला सांगत सुटल्या होत्या.

काल सुकदेवचा निरोप आला. वारा सध्या सरळ आहे, होळीनंतर फिरेल. मग पावसाळा. त्यानंतर आबा असतील? सकाळपासून तिला एकच प्रश्न खात होता. आपण बापाला जगवतोय, की त्याची एकुलती हौस मारतोय?

“वो मोटा सूती निकालो,” ती म्हणाली.

बन्सीलालनं आधी आबांकडे पाहिलं. मग ताका काढला. तंबूला वापरतात तसलं जाड, कोरं कापड. धनश्रीनं ते तिरकं ओढून पाहिलं. ताणलं नाही. तोंडाला लावून फुंकर मारली. पलीकडे धरलेल्या तळव्याला काहीच लागलं नाही.

“वारा जात नाही, आबा.”

“आण इकडे.” आबांनी फुंकलं. पलीकडच्या उदबत्तीची राख काऊंटरभर उडाली. “जातो. नको हे.”

“थोडा जाऊ दे. हेच घेऊ.”

“किनार कच्ची शे.”

“दुमडून शिवीन.”

“धनू, इतली घाई कसाले?”

“तुम्हाला समुद्रात जायचंय ना? मग जा.” ती म्हणाली. “मी आता नाही अडवणार.”

आबा कापडावरची न पडलेली सुरकुती हातानं साफ करत राहिले. मग खोकल्याची उबळ आली अशी खूण करून बाहेर गॅलरीत गेले. खोकल्याचा आवाज मात्र आला नाही.

शेजारच्या गाळ्यातला व्यापारी एवढ्यात दाराशी येऊन टेकला. “शेठ, आ लोको रोज आवे छे,” तो बन्सीलालला म्हणाला. “कंई ले छे, के बस जोया ज करे छे?”

बन्सीलाल धनश्रीकडे पाहून कसनुसा हसला. तिला त्यानं कधी मराठी आणि हिंदीखेरीज काही बोलताना ऐकलं नव्हतं.

“धीमे बोलो,” तो व्यापाऱ्याला म्हणाला. “मांदी छे बिचारी. बापे कीधुं छे, आवे त्यां सुधी बतावता रहेजो.”

धनश्री सुरतेत जन्मली होती, दहावीपर्यंत गुजराती शाळेत शिकली होती. बापानं सांगितलंय, ती येईल तोवर दाखवत राहा, हे तिला शब्दन् शब्द कळलं. आजारी बापाला गुजरातीत ‘मांदो’ म्हणतात. ‘मांदी’ म्हणतात ते लेकीला.