पाइनच्या वाटेवरचे फोटो

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई पहिल्यांदाच एवढं चालणार होत्या. वाट सोपी होती, पाइनच्या जंगलातून जाऊन कुरणाला वळसा घालून पुन्हा गाडीपाशी येणारी. पण ‘दमले’ हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघायचा नाही. म्हणून सूनच दर दहा मिनिटांनी थांबायची. “आई, इथे उभ्या राहा ना जरा, फोटो छान येईल.”

फेरी निर्विघ्न पार पडली. सून खुशीत गाडीची डिकी उघडत होती, तेवढ्यात सासूबाईंचं मुलाशी फोनवर चाललेलं हळू आवाजातलं बोलणं तिच्या कानावर पडलं.

“अरे, हिला एकदा डॉक्टरांना दाखव. दर दहा मिनिटांनी दम लागतो बिचारीला, आणि कबूल करायला नको म्हणून माझे फोटो काढत बसते.”