गंभीर दुखापत

गोरक्षतात्याने पुतण्याच्या शेताचा रस्ता दगड लावून अडवला आणि नारायणगावच्या बाजाराला निघालेली टोमॅटोची पिकअप जागच्या जागी उभी राहिली. एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला तो पुतण्या, स्वराज, चुलत्याला कायदा समजावायला गेला. पहिली थोबाडीत बसली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तात्या, ही साधी दुखापत झाली. कलम एकशे पंधरा."

"आन हाड मोडलं तर?" तात्याने कॉलर न सोडता विचारलं.

"हाड मोडलं किंवा दात पडला, तर गंभीर दुखापत. सात वर्षांपर्यंत शिक्षा. पोलीस सरळ उचलून नेतात."

"बरं झालं सांगितलंस, वकीलसायब." तात्याने हातातलं दांडकं कडेला ठेवलं आणि पुढचं सगळं काम उघड्या हाताने, जबडा सांभाळून, उरकलं.

तो गेल्यावर स्वराजची आई नंदा धावत आली. त्याच्या नाकातलं रक्त पदराने पुसत म्हणाली, "चल, पोलिसात जाऊ."

"काही उपयोग नाही, आई. एवढ्यावर नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतात. तात्याला कुणी हातसुद्धा लावणार नाही."

नंदाने उन्हात उभ्या पिकअपकडे पाहिलं. खालच्या क्रेटमधून लाल पाणी गळायला लागलं होतं. तिने तात्यानेच लावलेल्या दगडांतला मुठीएवढा एक उचलला.

"दात म्हणलास नव्हं?"

खोटा पुरावा तयार करण्याचं कलम सांगायला स्वराजने तोंड उघडलं. नंदाला तेवढंच पाहिजे होतं.