सुळक्याच्या पायथ्याशी

फुगवटा गेला. तो गेलाच नाही असं ठरवून ती चहा आणायला उठली. परत आली तरी पडद्यावर सुळका एकटाच उभा होता.

नळीतल्या कार्बन डायऑक्साइडमधून लेझर सोडला की एका ठरावीक रंगाचा प्रकाश वायू गिळतो, आणि आलेखावर सुळका उमटतो. तिच्या नवऱ्याने मोजलेल्या प्रत्येक सुळक्याच्या पायथ्याशी एक रुंद फुगवटा असायचा. तो मोजायचा, ती गणित मांडायची. त्या फुगवट्यापायी तिने अख्खा सिद्धान्त उभा केला होता: रेणू एकमेकांवर आदळले की तो धक्का बराच वेळ लक्षात ठेवतात.

"तुझ्यावर गेलेत," नवरा म्हणायचा.

नवरा वारला. त्याच्या जागी आलेल्या नव्या संशोधकाने पहिल्यांदाच मोजलं, आणि हे असं.

"तू वेगळं काय केलंस?"

"काहीच नाही, मॅडम. सरांनी लिहून ठेवलंय तस्संच. फक्त मी शेजारच्या खोलीतून चालवतो. नळीपाशी बसून मान आखडते."

ती नळीपाशी गेली. नळी संपते तिथून प्रकाश टिपणाऱ्या डबीपर्यंत वीतभर उघडी हवा होती. तिथंच एक बुटकं स्टूल. टेबलाच्या कडेचा रंग एका जागी उडालेला. नवरा तिथं हनुवटी टेकून बसायचा आणि वायूला चुचकारायचा, "ये रे बाबा, ये."

तिने स्टुलावर बसून तिथंच हनुवटी टेकली. मोठा श्वास सोडला.

"आला!" पलीकडच्या खोलीतून तो ओरडला. मग जरा वेळाने, "पण मॅडम, सरांचा चांगला दांडगा होता."

"त्यांना धाप लागायची," ती म्हणाली.

शेवटच्या वर्षी फुगवटा दर महिन्याला वाढत गेला होता. ती केवढी हरखली होती. 'परिणाम वाढतोय,' असं छापूनही आणलं होतं. नवऱ्याला दाखवलं तेव्हा तो जिना चढून आला होता आणि भिंतीला धरून उभा होता. "वाढणारच," एवढंच म्हणाला.

रेणूंना काही आठवत नव्हतं.

विभागप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळले, आणि म्हणाले, "बाई, होतं असं. जुन्या मोजमापांतून तेवढा श्वास वजा करून टाका, म्हणजे विषय मिटला."

तिने खुर्ची ओढली आणि तिथंच, त्यांच्याच टेबलावर, अर्ज लिहिला:

'महोदय, जुन्या मोजमापांतील फुगवटा ही चूक असल्याचे मला मान्य आहे. तथापि तो वजा न करता, विशेष बाब म्हणून, सेवेत कायम करण्यात यावा, ही नम्र विनंती.'